गाडी नसलेल्या घराने जागा कशी शोधली : रत्नागिरीतलं एक प्रकरण

कुटुंबाच्या संमतीने हे लिहिते आहे. नावं गाळली आहेत आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. घरातली चार माणसं नात्यानेच ओळखू या : आजी, मुलगा, सून आणि नात. मी त्यांची जुनी ओळखीची, जन्मापासून रत्नागिरीतली. घर शोधताना दोन्ही वेळा मी सोबत होते, त्यामुळे पहिल्या चुकीत माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२२मध्ये हे कुटुंब डोंबिवलीहून रत्नागिरीला आलं. तेव्हा आजी ७६ वर्षांच्या होत्या आणि नात चौथीत होती. मुलाला २०२१मध्ये फिट्स येऊ लागल्या. लोकलच्या गर्दीत एकदा दाराशीच झटका आला आणि तेव्हाच त्याने रोजचा प्रवास सोडायचं ठरवलं. तो इमारतींची ड्रॉइंग करतो, ते काम घरून होतं. सून दोन दुकानांचे हिशेब लिहिते. दोघांचं मिळून महिन्याला ३८,००० रुपये येत.

गाडीचा प्रश्न या घरात हौसेचा किंवा तत्त्वाचा नव्हता. लायसन्सच्या अर्जासोबत प्रकृतीचं जे घोषणापत्र द्यावं लागतं, त्यात फिट येते का असा सरळ प्रश्न असतो. मुलाने गाडी चालवणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. सुनेला दुचाकी येत नव्हती. आजींना रिक्षात चढतानासुद्धा गुडघ्यावर हात दाबावा लागे. म्हणजे घराला जे लागेल ते पायांनी, एसटीने किंवा रिक्षाने.

आधी चिपळूणचाही विचार झाला होता. नातेवाईक तिथे होते, बाजारपेठ सपाटीवर आणि एकवटलेली, चालायला सोपी. पण जी जागा चालायला सोपी, तीच वाशिष्ठीच्या पुराची. २२ जुलै २०२१ला तिथे काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताजं होतं. आधी २००५चा पूरही होऊन गेला होता. झटका येणारा मुलगा आणि गुडघे धरलेल्या आजी यांना रात्री वरच्या मजल्यावर कोण नेणार? चिपळूण तिथेच गळलं. त्या निर्णयाबद्दल आजही कुणाला शंका नाही.

पहिला निर्णय : कुवारबाव

रत्नागिरीचं रेल्वे स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर आत आहे. मुंबईशी संबंध राहणार, डॉक्टर अजून तिकडचेच, म्हणून स्टेशनजवळ राहावं असं मुलाच्या मनाने घेतलं. कुवारबावला दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला : भाडं ६,५००, सोसायटीचे ५००. हा भाग ग्रामपंचायतीच्या हद्दीत येतो. शहराच्या मानाने भाडी कमी, इमारती नव्या, हवा मोकळी. आम्ही जागा पाहिली ती नोव्हेंबरातल्या सकाळी दहाला. ऊन कोवळं होतं, रस्ता कोरडा होता. नाक्यापर्यंत चालत गेलो आणि "किती जवळ आहे" असं चौघांनीही म्हटलं. मीही म्हटलं.

दुसरा आधार होता एसटीचा. ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला होता, आजींचं कार्ड तयार होतं. मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा सूनही खूश झाली. पण या दोन्ही सवलती शहरी बसला लागू नाहीत. आम्ही ते कुणीच नीट वाचलं नव्हतं. गावी जायला आजी फुकट, आणि भाजी आणायला शहरात जायचं तर पूर्ण तिकीट, असा उलटा प्रकार घरी आल्यावर कळला.

अडचण कशी उघडी पडली

मे महिन्यापर्यंत कुरकुर होती, पण निभावत होतं. नाक्यावर किराणा, दूध, साधी औषधं मिळत. मासळी, नातीचा क्लास, बँक, सिव्हिल हॉस्पिटल, आजींचं देऊळ हे सगळं खाली शहरात. शाळेच्या रिक्षासह प्रवासाचा खर्च १,९००च्या आसपास जाई.

जूनमध्ये पाऊस लागला. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. जोरदार सरीत छत्री ही नुसती हातात धरायची वस्तू होते. घर ते थांबा हे अंतर तेवढंच होतं, पण मध्ये महामार्ग ओलांडायचा, मोठे ट्रक चिखल उडवत जाणार, थांब्यावर डोक्यावर काही नाही आणि बस किती वाजता येईल ते नक्की नाही. चौपदरीकरणात हा रस्ता आणखी रुंद होणार हेही दिसत होतं. आजींनी बाहेर पडणं जवळजवळ थांबवलं. त्यांनी तक्रार केली नाही, एवढंच म्हणाल्या, "पाऊस सरला की बघू." जुलैत रिक्षाचा खर्च ४,२००वर गेला.

त्याच जुलैत मुलाच्या गोळ्या संपल्या. ती गोळी नाक्यावरच्या दुकानांत ठेवत नसत, शहरातून आणावी लागे. सलग दोन दिवस पाऊस ओतत होता. "उद्या जाऊ" असं दोन्ही दिवस झालं. तिसऱ्या संध्याकाळी त्याला झटका आला. सुनेने त्याला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही, घड्याळ बघत बसली. तीन मिनिटांत तो थांबला. पण त्यानंतर अर्धा तास रिक्षा मिळाली नाही. फोन लावलेले तिघे "पाण्यात अडकलोय" म्हणाले. शेवटी खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी आपली गाडी काढली आणि सिव्हिलला पोचवलं. त्यांचे उपकार हे घर अजून आठवतं.

डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चुकल्या का? फिट्सच्या रुग्णात गोळ्या अचानक बंद होणं हे झटक्याचं नेहमीचं कारण. त्या रात्री सून मला फोनवर म्हणाली, "ताई, आपण घर स्टेशनाजवळ घेतलं. औषधाजवळ घ्यायला हवं होतं."

वहीतल्या नोंदी

लगेच दुसरं घर बघायला निघू नका, असं मी सुचवलं. आधी दोन आठवडे एक वही ठेवायची. घरातलं कुणीही बाहेर पडलं की कुठे, कशाने, किती वेळ हे लिहायचं. लिहायचं काम नातीने घेतलं आणि मनापासून केलं.

दोन आठवड्यांत ६१ नोंदी झाल्या. शाळा २२, भाजी-मासळी-किराणा १७, क्लास ८, आजींचं देऊळ आणि भेटीगाठी ५, दवाखाना-औषध ४, बँक आणि पोस्ट मिळून २. स्टेशन ३, त्यातही एकदा नुसतं पाहुण्याला पोचवायला. ज्या स्टेशनासाठी घर घेतलं, त्याचा वाटा ६१मध्ये ३.

वहीत न आलेली गोष्ट आजींनी सांगितली. देवळात आणि भेटीला मिळून पाचदा गेल्या, पण देवळात जावंसं वाटलं होतं रोज. न झालेल्या फेऱ्या वहीत दिसत नाहीत. हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय : आहे तिथेच राहायचं आणि सुनेने स्कूटर शिकायची. नातेवाइकांचा आग्रह याचाच होता. सुनेची तयारीही होती. पण झटक्यानंतर गुंगीत असलेल्या माणसाला मागे बसवता येत नाही, आणि आजी पावसात, उतारावर, एका बाजूला पाय सोडून बसणार नाहीत. स्कूटर आली असती तर सुनेची सोय झाली असती आणि बाकी तिघांचं सगळं तिच्यावर येऊन पडलं असतं. घरातल्या एकीलाच ड्रायव्हर करून टाकणं मला मुळीच पटलं नाही. तिला ते बोलून दाखवता येत नव्हतं, म्हणून मी बोलले.

दुसरा : मारुती मंदिर-शिवाजीनगरचा भाग. ज्यांना परवडतं त्यांना मी आजही हाच सांगेन. माथ्यावरची सपाटी, दुकानं, दवाखाने, बसचा राबता, लिफ्टच्या इमारती. पदपथ आहेत, पण त्यांवर स्कूटर लावलेल्या, म्हणून माणूस शेवटी रस्त्यावरूनच चालतो. भाडं १२,५००, सोसायटीचे १,०००, अनामत ६०,०००. मुलाला हाच हवा होता.

तिसरा : नाचणे. भाडं मध्यम, पण दाखवलेली दोन्ही घरं मुख्य रस्त्यापासून आत, चढउताराच्या गल्लीत. कुवारबावचीच अडचण थोड्या कमी अंतरावर.

चौथा : मांडवी. समोर समुद्र, सपाट रस्ता, संध्याकाळी माणसांची वर्दळ. आजींचा जीव तिथे अडकला होता. पण जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांच्या सळ्यांचा पापुद्रा सुटलेला.

पाचवा : टिळक आळी-खालची आळीच्या बाजूला एका जुन्या कौलारू घराचा तळमजला. पुढे पडवी, मागे परस आणि विहीर. भाडं ९,५००. भिंतींना ओल, स्वयंपाकघर अंधारं. बाजार, देऊळ आणि शाळा सगळं पायाशी.

पाहणी, या वेळी पावसात

रत्नागिरीचा नकाशा खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतो. त्यात चढ दिसत नाही. शहर दोन थरांत आहे : वर मारुती मंदिराचा माथा, खाली गोखले नाका, राम आळी आणि समुद्राकडच्या जुन्या आळ्या, मध्ये माळनाक्याचा उतार. वर राहणारा रिकाम्या हाताने उतरतो आणि भरल्या पिशवीने चढतो. त्याच रस्त्याची जाताना आणि येताना किंमत वेगळी.

म्हणून ऑगस्टमध्ये, संध्याकाळी साडेसहानंतर, पाच किलो तांदळाची पिशवी घेऊन चालायचं ठरलं. धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो. आजींची चाल आम्ही मोजली, ती निम्मी भरली. जाहिरातीत "बाजारापासून दहा मिनिटं" असेल तर आजींची ती वीस. मग त्यांच्यासाठी रोजचा पल्ला ४०० मीटर धरला, म्हणजे त्यांच्या चालीने दहा मिनिटं. त्याच्या आत दूध, भाजी, औषध आणि देऊळ हवं. सिव्हिल आणि बसस्टँड थोडं लांब चालेल, पण वाटेत बसायला जागा हवी. मुलासाठी वेगळी अट : मोठा रस्ता न ओलांडता फिरता यावं, आणि कुणी ओळखणारं असावं. वाटेत झटका आला तर गर्दी नुसती जमते, ओळखीचा माणूस मात्र घरी फोन करतो.

मारुती मंदिराकडे चालताना आजी शांतपणे चालल्या, पण चौक ओलांडताना थिजल्या. आळीत उलट झालं. तिथे पदपथ असा नाहीच. निवासी भागात पदपथाची चालायला मोकळी रुंदी निदान १.८ मीटर असावी असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मार्गदर्शन आहे. या आळ्यांत काही ठिकाणी त्याच्या जेमतेम दुप्पट अख्खा रस्ता! तरी आजी मधोमध चालत होत्या आणि मागून येणारा स्कूटरवाला पाय टेकून थांबत होता. अरुंद, वळणाच्या वाटेवर वेग घेताच येत नाही. पदपथ हवेत हे मी कायम म्हणत आले, अजूनही म्हणते. पण चालणाऱ्याला सांभाळून घेणं कधी कधी रस्त्याच्या रुंदीतच असतं, हे मला त्या संध्याकाळी दिसलं.

एका पडवीतून कुणीतरी विचारलं, "कुणाकडच्या तुम्ही?" आजी थांबल्या, त्यांनी माहेरचं गाव सांगितलं. दहा मिनिटं गेली. सून मला हळूच म्हणाली, "आईंनी घर घेतलं बहुतेक."

निर्णय

मुलगा राजी नव्हता. त्याचं म्हणणं रास्त होतं : जुनं घर, ओल, वीज गेली की दुरुस्तीला मालकाची वाट बघा. तो म्हणाला, "आई, वरच्या फ्लॅटला लिफ्ट आहे." आजी म्हणाल्या, "अरे, लिफ्टने खाली येऊन जाऊ कुठे?"

पुन्हा वही उघडली. ६१पैकी किती फेऱ्या कुठल्या घरातून पायी होतील, ते मोजलं. कुवारबावहून १४, मारुती मंदिराकडून ३८, आळीतून ५१. नातीची शाळा आणि क्लास दोन्ही खालच्या अंगाला होते, त्यामुळे आकडा असा फिरला. ते दोन्ही वरच्या भागात असते तर निकाल उलटा लागला असता, हे ध्यानात घ्यावं. शेवटी मुलाने ऐकलं, ते १२,५०० आणि ९,५०० यांतल्या फरकामुळेही.

अंमलबजावणी

पितृपक्षात घर बदलायचं नाही यावर आजी ठाम होत्या. दसऱ्यानंतर, ऑक्टोबर २०२३च्या शेवटी सामान हललं.

करारावर थोडी ओढाताण झाली. मालकीणबाई सज्जन, पण "आपल्यात कागद कशाला" असं म्हणणाऱ्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. म्हणजे कागद त्यांच्याच हिताचा. हे समजावल्यावर त्या तयार झाल्या. अकरा महिन्यांऐवजी ३३ महिन्यांचा करार मागितला. दर वर्षी घर बदलायची टांगती तलवार असेल, तर शेजार जमत नाही आणि गाडी नसलेल्या घराला शेजार लागतोच.

गोळ्यांचं वेगळं ठरलं : पंधरा दिवसांचा साठा उरला की पुढची पट्टी आणायची. पाऊस असो, नसो.

परिणाम

पैशाचं आधी सांगते, कारण "चालत राहा, स्वस्तात राहा" असं म्हणणाऱ्यांना ते आवडणार नाही. कुवारबावला कोरड्या आठ महिन्यांत महिन्याला ८,९०० आणि पावसाच्या चार महिन्यांत ११,२०० खर्च होत होता. वर्षाचे साधारण १,१६,०००. आळीत भाडं ९,५०० आणि रिक्षा-बस १,१००, म्हणजे वर्षाला १,२७,२००. चालण्याजोगी जागा स्वस्त पडली नाही. महिन्याला साडेनऊशेच्या आत महाग पडली. मात्र भाड्यातला नुसता फरक बघून वाटला होता त्याच्या निम्म्याहून कमी.

त्या पैशांत काय मिळालं? आजी रोज सकाळी एकट्या देवळात जातात आणि येताना कोथिंबीर आणतात. नात शाळेत मैत्रिणींबरोबर पायी जाते. सुनेचे दिवसाचे जवळजवळ दोन तास सुटले आणि तिने तिसऱ्या दुकानाचे हिशेब धरले. मासेवाली दारात येते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत सुक्यावर भागतं. त्यानंतर मुलाला झटका आला नाही. त्याचं श्रेय घराला देणार नाही, ते वेळेवर घेतलेल्या गोळ्यांचं आहे. पण औषधाचं दुकान आता त्याच्या चालीने चार मिनिटांवर आहे आणि तो स्वतः जातो.

बिघडलंही. जुलै २०२४मध्ये घराच्या मागच्या पाखाडीवर आजी घसरल्या. जांभ्याच्या पायऱ्यांवर पावसात शेवाळ धरतं, ते दिसत नाही. मनगट महिनाभर बांधून होतं. आम्ही पुढची वाट चालून पाहिली होती, मागची नाही. आता दर आठवड्याला खराट्याने पायऱ्या घासतात आणि बाजूला हाताला धरायला पाइप बसवला आहे. ओलीमुळे नातीला पहिल्या पावसाळ्यात खोकला लागला, म्हणून तिचं अंथरूण माजघरातून पडवीलगतच्या खोलीत आणलं. मे महिन्यात नळाचं पाणी कमी झालं तेव्हा विहिरीवर निभावलं, पण ते पिण्याजोगं नव्हतं. ते आधी मेमध्ये कुणी चाखून पाहिलं नव्हतं.

आणि स्टेशन लांब पडलं. पहाटेच्या गाडीला ओळखीच्या एका रिक्षावाल्याला आदल्या रात्री सांगून ठेवतात. महिन्याला दोनदा तो खर्च टोचतो, तरी बसतो.

काय वेगळं करता आलं असतं

वही डोंबिवलीतच सुरू करता आली असती. शाळा, औषध, बाजार, देवळात जाणं, यांतलं काय पुढेही लागणार हे तिथेच कळलं असतं. रत्नागिरीत पहिले दोन महिने एखादी खोली घेऊन राहिले असते, तर अनामत, सामानाची दोनदा ने-आण आणि एक पावसाळा वाचला असता. मी नोव्हेंबरात घर दाखवायला नको होतं. निदान त्यांना जुलैत एकदा या, असं सांगायला हवं होतं. इथली माणसं पावसाबद्दल बाहेरच्यांना सांगताना कौतुकाने सांगतात, अडचण म्हणून सांगत नाहीत. माझंही तेच झालं.

वरच्या फ्लॅटचा पर्याय आम्ही भाड्यावरून फार लवकर सोडला असंही मला वाटतं. १२,५०० आणि १,००० मिळून १३,५००, त्यात रिक्षा कमी झाली असती. तो हिशेब पूर्ण मांडलाच नाही. मांडून नकार दिला असता तर मुलाची हुरहुर राहिली नसती.

करार जुलै २०२६मध्ये संपतो. मालकीणबाईंचा पुतण्या तिथे इमारत बांधायची म्हणतोय. आजी आता ७९च्या आहेत, त्यांचा ४०० मीटरचा पल्ला ३००वर आला आहे. गेल्या आठवड्यात नातीने नवी वही आणली. पहिल्या पानावर तिने आजीसाठी वेगळा रकाना आखला आहे : "जावंसं वाटलं, पण गेली नाही."